रविवारची फेरी, सोमवारचा रस्ता

बेळगावच्या वडगाव-येळ्ळूर रस्त्यावर सकाळी पावणेआठला उभं राहिलं की आधी घंट्या ऐकू येतात आणि मग मुली दिसतात. सात-आठ जणी, कधी दहा. कॅरियरला दप्तर, हँडलला डबा, वेण्यांना रिबिनी. सगळ्यात पुढं उंच मुलगी, सगळ्यात मागं दुसरी एक मोठी, लहान पोरी मधोमध. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. मागून ट्रॅक्टर आला की शेवटची मुलगी दोनदा घंटी वाजवते आणि सगळ्या डांबर सोडून डाव्या हाताला मुरमात उतरतात. पावसाळ्यात तिथं चिखल असतो. आमच्या शिवारातला काळा चिखल मडगार्डमध्ये बसला की चाक फिरायचंच थांबतं. मग एक मुलगी उतरते, काडीनं चिखल उकरून काढते, आणि बाकीच्या पाय टेकून थांबतात. एकटीला मागं ठेवून कुणी पुढं जात नाही.

मी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, कामाला लागलो, आता तिथंच सुपरवायझर आहे. वडगावहून कामावर सायकलनंच जातो. वडील विणकर होते. साड्यांचा गठ्ठा कॅरियरला दोरीनं आवळून ते शहापूरच्या व्यापाऱ्याकडं जायचे आणि परत येताना त्याच कॅरियरवर सूत असायचं. त्यांच्या बावीस इंची सायकलवर मी आधी नळीखालून पाय घालून कैची मारायला शिकलो, मग नळीवरून, आणि पाय पुरायला लागल्यावर सीटवरून. सायकल हा आमच्या घरात कधी छंद नव्हता. पण गेली काही वर्षं मी रविवारच्या सायकल फेऱ्यांनाही जातो आहे. रविवारी शहर जी सायकल चालवतं आणि सोमवारी जी चालवतं, त्या दोन सायकलींची अजून नीट ओळख झालेली नाही. ती व्हावी म्हणून हा लेख.

बेळगावात रविवारी पहाटे निघणारे गट आता बरेच झालेत. कुणी कॅम्पातून हिंडलग्याकडं जातं, कुणी राजहंसगडाच्या पायथ्याला, दमाचे गडी जांबोटीपर्यंत मजल मारतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला, त्या निमित्तानंही फेऱ्या निघतात. कधी आरोग्यासाठी, कधी प्रदूषणाविरुद्ध, कधी एखाद्या संस्थेच्या वर्धापनदिनाला. या फेऱ्यांना नावं ठेवणारेही आहेत. महागड्या सायकली, रंगीत जर्सी, दोन तासांची हौस, असं म्हणतात. मला ते पटत नाही. पन्नास माणसं एकत्र निघाली की गाडीवाल्याला सायकल दिसते. तो वेग कमी करतो. रस्त्यावर आपलीही जागा आहे हे पायाला कळतं.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी दहावीनंतर सायकल सोडली होती. चाळिशी ओलांडल्यावर लेकीची सायकल घेऊन त्या एका रविवारी आल्या. पहिली पाच मिनिटं हँडल थरथरत होतं. कॅम्पातल्या झाडांखालच्या रस्त्याला लागल्यावर मात्र त्या अशा सुटल्या की आम्हाला मागून हाका माराव्या लागल्या. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन चालत बाजाराला निघालेल्या दिसल्या. म्हटलं, "वहिनी, सायकल का नाही काढलीसा?" त्या म्हणाल्या, "भावजी, रविवारी तुम्ही पन्नास जण होतासा की. आज मी एकटीच आहे."

माझा सगळा मुद्दा वहिनींच्या त्या एका वाक्यात आहे. फेरीनं त्यांना जे धाडस दिलं, ते रस्त्यानं सोमवारी परत घेतलं. फेरीला किती लोक आले हे आपण मोजतो, पेपरात फोटो छापून आणतो. ती फेरी ज्या रस्त्यावरून गेली त्या रस्त्यात सहा महिन्यांनी काय बदललं, हे मात्र कुणी मोजत नाही. बरं, आपण फेरीसाठी रस्ताही असा निवडतो की जो आधीच बरा आहे, आणि वेळ अशी की जेव्हा ट्रक, रिक्षा, शाळेच्या व्हॅन यांतलं काहीच रस्त्यावर नसतं. पहाटे साडेपाचला बेळगावातला कुठलाही रस्ता चांगलाच असतो. पोर शाळेला आणि कामगार पाळीला जातो तेव्हा तो कसा असतो, ते आयोजकांनी बघायला हवं.

सीमाभागातल्या मराठी माणसाला सायकल फेरी हा शब्द कुणी नव्यानं शिकवायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तो दिवस सीमाभागातली मराठी माणसं काळा दिन म्हणून पाळतात. त्या दिवसाची मूक सायकल फेरी आपल्यापैकी कित्येकांनी वडिलांच्या पुढं नळीवर बसून पहिल्यांदा पाहिली आहे. मीही तशीच पाहिली, दंडाला काळी फीत बांधून. "सायकलच का?" असं मी वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, "आवाज करत नाही, आणि गरिबाकडंही असते."

सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याबद्दल या लेखात बोलत नाही. मला त्या फेरीची रीत आठवते. त्या दिवशी चौकाचौकांत गाड्या थांबवल्या जातात आणि लहान पोरं, म्हातारी माणसं, बाया एकाच रस्त्यावरून निर्धास्तपणे सायकल चालवतात. त्याच दिवशी शहराच्या दुसऱ्या भागात, चन्नम्मा चौकाकडं, कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि तिथलेही रस्ते गाड्यांसाठी बंद असतात. शिवजयंतीच्या चित्ररथांना आपण अख्खी रात्र रस्ता देतो, गणपती विसर्जनाला त्याहून जास्त वेळ देतो. म्हणजे हे शहर माणसांसाठी रस्ता मोकळा करून देऊ शकतं. पोलिसांना ते जमतं, दुकानदार सांभाळून घेतात, वाहनचालक वळसा घालून जातात. तेव्हा सायकलसाठी रस्ता थोडा वेळ बंद करा म्हटल्यावर "वाहतुकीचं काय?" असं जे उत्तर मिळतं, ते खरं उत्तर नाही.

कोलंबियातल्या बोगोटा शहरात रस्ते मोटारींना बंद ठेवायची रीत १९७४ साली सुरू झाली. आता तिथं दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभर किलोमीटरहून जास्त लांबीचे रस्ते मोटारींना बंद असतात. माणसं चालतात, पोरं सायकल शिकतात, म्हातारे बाकड्यावर बसून बघतात. आपल्याच राज्यात बंगळूरूमध्ये २०१३ पासून 'सायकल दिवस' भरवले जाऊ लागले. आपल्याला शंभर किलोमीटर नकोत. एक काँग्रेस रोड पुरे. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन टिळकवाडीच्या याच भागात भरलं, म्हणून त्याला ते नाव. महिन्यातून एका रविवारी सकाळी तीन तास तो रस्ता पायी चालणाऱ्यांना आणि सायकलींना मिळावा, ही माझी पहिली मागणी. ती सोपी आहे म्हणून पहिली. आणि त्या रस्त्याच्या रेल्वेकडच्या कडेनं सायकलसाठी कायमची जागा राखावी, ही दुसरी. जिथं रस्त्याला फाटे कमी मिळतात तिथं सायकलला वळणाऱ्या गाडीचा धोका कमी असतो. गाडी फाट्याला वळते तेव्हा सायकलवाल्याचा जीव मुठीत असतो, हे रोज सायकल चालवणारा कुणीही सांगेल.

जागा नाही, असं म्हणतात. या हरकतीत तथ्य आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, खडे बाजार इथं वेगळा सायकलमार्ग मागणारा माणूस तिथं कधी बाजाराला गेलेला नसेल. तिथं जागा नाहीच, आणि गरजही नाही. तिथं गाडी इतकी हळू चालते की सायकल, पादचारी, हातगाडी सगळं एकमेकांत मिसळून जाऊ शकतं. फक्त बाजाराच्या वेळात मोटारी बाहेर थांबल्या पाहिजेत, आणि बाजाराच्या तोंडाशी सायकल कुलूप लावून ठेवायला लोखंडी कमानी पाहिजेत. एक मोटार उभी राहते तेवढ्या जागेत दहा सायकली राहतात. खानापूर रोड, जुना पी. बी. रोड, वेंगुर्ला रोड हे वेगळं प्रकरण आहे. तिथं वेग आहे, अवजड वाहनं आहेत, आणि तिथं सायकल वेगळीच काढावी लागेल, मग त्यासाठी कडेच्या पार्किंगची एक रांग गेली तरी चालेल. जगात जिथं जिथं सायकल सुरक्षित झाली, तिथं याच नियमानं झाली. वेग कमी असेल तिथं सगळे एकत्र, वेग जास्त असेल तिथं सायकल बाजूला. दोन्हीपैकी काहीच केलं नाही तर माणूस मरतो.

वेग म्हणजे काय, ते मशीनवर काम करणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. चकवर, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरलेला तुकडा तोच असतो, फेरे वाढवले की हाताची बोटं जातात. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की ताशी ५० किलोमीटरऐवजी ६५ किलोमीटर वेगानं येणाऱ्या मोटारीची धडक बसली तर पायी माणूस मरण्याचा धोका साडेचार पटीनं वाढतो. वेग पंधरा किलोमीटरनं वाढतो, मरण साडेचार पट. म्हणून जिथं माणसं आणि गाड्या मिसळतात तिथं वेग ३० वर आणावा, असं २०२० च्या स्टॉकहोम परिषदेत अनेक देशांनी मान्य केलं. शाळेसमोर पाटी लावून वेग ३० होत नाही. रस्ता अरुंद करून, वळण तीव्र करून, चौक उंच करून होतो. आपल्याकडं गतिरोधक घालतात, तो न रंगवलेला आणि इतका टोकदार की मोटार त्यावरून जाते आणि सायकलवाला मात्र पिशवीसकट उडतो. हेल्मेट घाला, असाही सल्ला मिळतो. घाला, मीही घालतो. पण ट्रकपुढं हेल्मेट किती टिकणार?

दोन पावसाळ्यांमागची गोष्ट. शहरातल्या एका नव्यानं केलेल्या रस्त्यावर कडेला सायकलसाठी पट्टा सोडला होता. मला मनापासून आनंद झाला होता, पहिल्या दिवशी मुद्दाम वाट वाकडी करून मी त्यावरून गेलो. पट्ट्यावर पेव्हर ब्लॉक, मधेच विजेचा खांब, खांबाच्या पुढं दोन मोटारसायकली लावलेल्या. खांबाला वळसा घालून परत पट्ट्यावर आलो तर समोर गटाराची जाळी. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्याच दिशेनं उभ्या, मधली फट माझ्या टायरएवढी. पाऊस नुकताच पडून गेला होता, पाण्याखाली फट दिसली नाही. पुढचं चाक आत गेलं आणि मी हँडलवरून पुढं पडलो. तळहात सोलले, गुडघा सुजला, रिमचे चार आरे तुटले. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्यानं वेळेवर ब्रेक मारला म्हणून हे लिहायला मी आहे.

ती जाळी मी नंतर वाकून बघितली. चूक समजायला इंजिनिअर लागत नाही. जाळी नव्वद अंशांत फिरवून बसवली असती तरी भागलं असतं. जागेवर फिरत नसेल तर आडव्या तीन पट्ट्या वेल्ड करायच्या. आमच्या शॉपमध्ये हे अर्ध्या तासाचं काम आहे, चहा धरून. मी फोटो काढून अर्ज दिला. पोच मिळाली. जाळी कितीतरी महिने तशीच होती. मला राग पैशाचा किंवा आळसाचा आला नाही. ज्यानं ती जागा सायकलसाठी म्हणून कागदावर आखली, ज्यानं बसवली आणि ज्यानं तपासून सही केली, त्या तिघांपैकी एकानंही तिथून एकदा सायकल चालवून बघितली नव्हती, याचा आला.

म्हणून आयोजकांना माझी विनंती आहे. फेरीला अधिकारी आणि नगरसेवक झेंडा दाखवायला बोलवता, तेव्हा त्यांच्यासाठी एक सायकल हवा भरून तयार ठेवा. पाच किलोमीटर नको, दीड किलोमीटर चालवू दे. पण रविवारी पहाटे नको. मंगळवारी सकाळी साडेआठला, आरपीडी क्रॉसपासून तिसऱ्या रेल्वे गेटच्या उड्डाणपुलावरून उद्यमबागेपर्यंत. पुलाचा चढ पायडल मारत चढताना मागून बसचा हॉर्न कसा वाजतो ते त्यांनी एकदा ऐकायला हवं. रेल्वे फाटकाजवळ वीस मिनिटं अडकून पडणाऱ्या शहराला उड्डाणपूल हवेच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण पूल बांधताना मोटारीचा चढ धरला, कॅरियरवर दोन कॅन दूध घेऊन येणाऱ्याचा धरला नाही. तो गडी उतरून सायकल ढकलत नेतो, पुलावर, गाड्यांच्या रांगेत.

"पण आता सायकल चालवतं कोण?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि विचारणारी माणसं वाईट नसतात. ती नऊ वाजता घराबाहेर पडतात. सहाच्या पाळीला जाणारे फाउंड्रीतले कामगार, रात्रपाळी संपवून येणारे वॉचमन, पेपर टाकणारी पोरं, गजरे आणि पालेभाजी घेऊन येणाऱ्या बाया, बांधकामावरचे मजूर त्यांच्या नजरेला पडतच नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. शेती सोडून इतर कामाला जाणाऱ्या माणसांत दर आठातला एक सायकलनं जात होता. त्यानंतर पुष्कळांनी हप्त्यावर गाडी घेतली. आमच्या शॉपमधल्या पोरांना मी विचारतो, पेट्रोल शंभराच्या पुढं, पगार एवढा, चार किलोमीटरसाठी गाडी कशाला? निम्मे तरी म्हणतात, सायकलनं यायला भीती वाटते. पगाराचा एक भाग ते दर महिन्याला त्या भीतीपायी पेट्रोल पंपावर देतात. तेव्हा सायकली कमी झाल्या म्हणून रस्ता कशाला, हे उलट झालं. रस्ता गेला म्हणून सायकली कमी झाल्या.

आणि मुलींचं काय? कर्नाटक सरकारनं २००६-०७ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुला-मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. मराठी माध्यमाच्या शाळांतल्या मुलांनाही त्या मिळाल्या. पुढं कोरोनाच्या काळात त्यात खंड पडला, पण तोवर गावोगावच्या कितीतरी मुलींनी त्या सायकलींवर हायस्कूल गाठलं. माझ्या दोन भाच्या त्यांतल्या. बिहारनंही त्याच सुमाराला नववीच्या मुलींना सायकली दिल्या. अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा त्या वयाच्या मुलींच्या शाळेतल्या नावनोंदणीत सुमारे ३२ टक्के वाढ आढळली. शाळा जितकी लांब, तितका परिणाम जास्त. एवढा उपयोग दुसऱ्या कुठल्या वस्तूनं झाला असेल, मला आठवत नाही.

पण सरकारनं मुलीला सायकल दिली आणि ती चालवायचा रस्ता द्यायचं राहून गेलं. दहावी झाली, शहरातल्या कॉलेजात नाव घातलं, की घरात बोलणं सुरू होतं. आता रस्ता मोठा आहे, डंपर असतात, नको. २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाली, ही फार मोठी गोष्ट झाली. माझी बायकोही तिचा लाभ घेते. मात्र सकाळच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि बस मुख्य रस्त्यावर सोडते, तिथून पुढचे दोन-तीन किलोमीटर उरतातच. बस आणि सायकल एकमेकींच्या वैरिणी नाहीत. फाट्यावर सायकल ठेवायला छप्पर आणि कुलपाची सोय केली तर मुलगी घरून फाट्यापर्यंत सायकलनं येईल आणि पुढं बसनं जाईल. आज ती सायकल कुणाच्या तरी हॉटेलाच्या मागं, ओळखीवर ठेवावी लागते. हॉटेल बंद असलं की त्या दिवशी कॉलेज बुडतं.

रस्ता कुणाचा, हा प्रश्न सीमाभागात जास्तच गुंतागुंतीचा आहे. उचगाव-तुरमुरीकडचा एखादा कामगार सायकलनं वेंगुर्ला रोडनं शिनोळीच्या कारखान्यात जातो. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तो दिवसातून दोनदा राज्याची हद्द ओलांडतो. ऊस उतरवून येणारा ट्रॅक्टर, वाळूचा डंपर आणि गोव्याला जाणारी मोटार यांना हद्द कळत नाही, पण रस्त्याची कड खचली की अर्ज मात्र दोन राज्यांत करावा लागतो. या बाजूला कर्नाटकचं बांधकाम खातं, त्या बाजूला महाराष्ट्राचं. गावातला रस्ता पंचायतीचा, शहरातला महापालिकेचा, कॅम्पातला कॅन्टोन्मेंट बोर्डाचा, हमरस्ता महामार्ग प्राधिकरणाचा. सायकलवाल्याला हे सगळे तासाभरात भेटतात आणि एकही त्याला आपला मानत नाही.

पुणे-बंगळूरू महामार्गावर तर गावं दोन्ही बाजूंना आणि ओलांडायची वाट लांब. निपाणी, संकेश्वरपासून थेट बेळगावपर्यंत कुठंही बघा, शेत पलीकडं असलेला माणूस उलट्या दिशेनं, कडेकडेनं सायकल ढकलत येताना दिसेल. त्याला बेशिस्त म्हणून मोकळं होऊ नका. बरोबर बाजूनं जायचं तर त्याला कैक किलोमीटरचा वळसा पडतो, चाऱ्याचा भारा घेऊन. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यांत मोटारीत बसलेल्यांपेक्षा दुचाकीवरची आणि पायी चालणारी कितीतरी जास्त. सायकलवरची हजारो. सेवारस्ता सलग करणं आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी बैलगाडी-सायकल जाईल असा भुयारी मार्ग देणं, हा या माणसांसाठी दिलासा वगैरे नाही. महामार्ग त्यांच्या शेतातून गेला, तेव्हाच ते द्यायला हवं होतं.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्याकडं कुठलाही अर्ज लिहायला बसलं की भाषेचा प्रश्न येतो. मराठीतून कागद मिळावेत, मराठीतला अर्ज घेतला जावा, ही आपली मागणी न्याय्य आहे आणि ती सोडू नये, असं माझं मत आहे. पण रस्त्याच्या कामासाठी मी दोन्ही भाषांत अर्ज करतो. मराठी मजकूर मी लिहितो, कन्नड मजकूर माझ्याच शॉपमधला एक सहकारी लिहून देतो, बैलहोंगलचा आहे. तोही सायकलनं येतो. त्याच पुलावर त्याच्याही मागं तोच हॉर्न वाजतो. पहिल्यांदा मी त्याला हे काम सांगितलं तेव्हा मला संकोच वाटला होता. त्यानं कागद वाचला आणि म्हणाला, "यात गटाराची जाळी राहिली की हो, तीपण घाला." त्या अर्जाखाली शहापूरच्या विणकरांच्या सह्या आहेत आणि कणबर्गीच्या गवंड्यांच्याही. इतकी वर्षं या शहरात राहून दोन्ही भाषांच्या सह्या एका कागदावर मी फार कमी वेळा पाहिल्या आहेत.

नेदरलँड्सचं उदाहरण आता सगळेच देतात. तिथं लोकच वेगळे, असं म्हणून ते लगेच बाजूलाही सारतात. तिथले लोक वेगळे नव्हते. पन्नास वर्षांपूर्वी तिथंही मोटारी भराभर वाढल्या होत्या, सायकली मागं हटत होत्या. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेच्या वर मुलं होती. तेव्हा आई-बाप रस्त्यावर उतरले. मुलांचे बळी थांबवा, एवढीच त्यांची मागणी होती. त्यांनी सायकलींवरून मोर्चे काढले, रस्ते अडवले, गल्ल्या पोरांना खेळायला मोकळ्या केल्या, आणि वर्षानुवर्षं सोडलं नाही. त्यांच्या फेऱ्यांमागं एकेका चौकाचं नाव असे, एकेका मेलेल्या पोराचं नाव असे. आपल्या फेऱ्यांमागं तसं नाव नसतं. 'सायकल चालवा, पर्यावरण वाचवा' यावर कुणाचंच दुमत नसल्यानं कुणालाच काही करावं लागत नाही. 'येळ्ळूर रस्त्याच्या दोन्ही कडांना दोन मीटर पक्की साइडपट्टी करा' म्हटलं की कुणाला तरी होय किंवा नाही म्हणावं लागतं.

सातत्य हा काही आपल्याला नवा गुण नाही. १९५६ पासून एक मागणी तिसऱ्या पिढीपर्यंत जिवंत ठेवलेली माणसं आहोत आपण. त्यातलं थोडं बळ या साइडपट्टीसाठी काढता येणार नाही, असं मला वाटत नाही.

सुरुवात मोजण्यापासून करायची आहे. महापालिकेत कुठलाही अर्ज दिला की पहिला प्रश्न येतो, तिथून सायकली जातात किती? त्याचं उत्तर आज कुणाकडं नाही. म्हणून येत्या महिन्यात आमच्या रविवारच्या गटातल्या काही जणांनी एक रविवार सोडून त्याऐवजी सोमवारची सकाळ द्यायची ठरवली आहे. सहा ते नऊ. दोघं तिसऱ्या गेटच्या पुलाजवळ, दोघं नाथ पै चौकात, दोघं येळ्ळूर रस्त्याला. वहीत चार रकाने: बाई, पुरुष, शाळेचं पोर, ओझं घेऊन जाणारा. पाऊस असेल तर छत्री. वहिनींनी येळ्ळूर रस्ता मागून घेतला आहे. त्या सोबत आपल्या लेकीची सायकल आणणार आहेत, आणि मोजणी संपली की मुलींच्या रांगेमागून शहापूरपर्यंत त्या सायकलनंच येतो म्हणाल्या.